मार्चचा बर्फ आणि अलकापुरीची मुले

अलकापुरी हे नाव मुळात बर्फाच्या मुलखातले. कुबेराची अलका कैलासाच्या कुशीत वसली आहे असे ‘मेघदूता’त कालिदासाने मानले, आणि बद्रीनाथच्या पुढे, माणा गाव मागे टाकल्यावर, सतोपंथ व भगीरथ-खरक या दोन हिमनद्यांच्या तोंडाशी अलकनंदा जिथे उगम पावते त्या जागेलाही अलकापुरी म्हणतात. आपली अलकापुरी स्टेशनच्या पश्चिमेस, रमेशचंद्र दत्तांचे नाव मिरविणाऱ्या रस्त्याच्या आजूबाजूला, समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटर उंचीवर. येथे बर्फाशी आमची ओळख उसाच्या रसापुरती आणि गोळ्यापुरती. दांडियाबाजार-रावपुऱ्यातले वाडे सोडून जी घराणी इकडे राहावयास आली, त्यांच्या आजोबा-पणजोबांनी थंड हवेसाठी फार तर अबू गाठले, नाही तर माथेरान-महाबळेश्वर. श्रीमंत सयाजीराव महाराज १८८७ साली प्रथम युरोपास गेले ते प्रकृतीसाठी. पण तो राजाचा प्रवास होता, आणि प्रजेने तो कौतुकाने ऐकावा इतकाच तिचा त्याच्याशी संबंध.

आता त्याच प्रजेची नातवंडे-पतवंडे पायांना फळ्या बांधून गुलमर्गच्या उतारावर घसरावयास निघाली आहेत. बोर्डाच्या परीक्षा मार्चात आटोपतात; मेच्या सुटीची वाट पाहावी तर तोवर गुलमर्गच्या खालच्या उतारांवर गवत दिसू लागते. म्हणून आपल्या मुलांच्या वाट्याला बहुधा मोसमाचे शेवटचे दोन-तीन आठवडेच येतात. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे सुरू झाल्यामुळे बडोद्याच्या फलाटावरून निघून, विमानात पाय न ठेवता, काश्मीर खोऱ्यात उतरता येते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला जे घडले त्यानंतर कित्येक घरांनी काश्मीरचे नावच टाकले. ते ज्याचे त्याने ठरवावे, आणि त्याविषयी पुष्कळ बोलून झाले आहे. बर्फाविषयी मात्र आपण काहीच न बोलता मुलांना पाठवतो, म्हणून हा लेख.

लिहिण्यास निमित्त झाले ते एका वाक्याचे. हे वाक्य अलीकडे एकाहून अधिक घरांत आमच्या कानांवर आले : “आता मार्च आहे हो, बर्फ मऊ असतो, पडला तरी लागत नाही.” बोलणारी माणसे समजूतदार, शिकलेली. वाक्यही वरवर पाहता खोटे नाही. मार्चमधला बर्फ मऊ असतो हे खरे. पण तो दिवसातल्या कोणत्या घटकेला मऊ असतो, आणि मऊ झाल्यावर डोंगरावर काय करतो, हे त्या वाक्यात नाही. मैदानातल्या माणसाने आपल्या फाल्गुनावरून हिमालयातल्या फाल्गुनाचा अंदाज बांधला, इतकाच त्याचा अर्थ.

मार्चच्या बर्फाची दिनचर्या अशी असते. रात्री आकाश निरभ्र असले तर आदल्या दिवशी वितळलेले पाणी पुन्हा गोठते आणि पहाटे उतार लोखंडासारखा टणक होतो. त्यावर कडा धरत नाहीत. पडणारा माणूस थांबत नाही, घसरत जातो, आणि ‘पडला तरी लागत नाही’ म्हणणाऱ्यांनी सकाळी आठ वाजता तेथे एकदा पडून पाहावे. ऊन चढले की वरचा इंच-दोन इंचांचा थर सुटा, दाणेदार होतो, घरच्या कढवलेल्या रवाळ तुपासारखा. ही दोन घटकांची मौज. जाणकार माणूस मार्चमध्ये डोंगरावर जातो तो या दोन घटकांसाठी. त्यानंतर पाणी आत झिरपू लागते, कण एकमेकांना सोडू लागतात, आणि दुपारपर्यंत त्याच उताराचे खिमट झालेले असते. पाय नडगीपर्यंत रुतू लागला, वरून आपोआप बर्फाचे गोळे चाकासारखे गरगरत खाली येऊ लागले, तर समजावे की डोंगराने निरोप दिला. असा ओला बर्फ संथपणे सुटतो, पण त्याच्या एका घनमीटरचे वजन चारपाचशे किलोपर्यंत भरते. सह्याद्रीच्या घाटात पावसाळ्यात दरड येते, तशीच ही बर्फाची दरड. पूर्वेकडे तोंड असलेला उतार आधी सैल होतो, मग दक्षिणेचा, मग पश्चिमेचा. उत्तरेकडच्या सावलीत मात्र जानेवारीचा कोरडा बर्फ मार्चातही दबा धरून राहतो. रात्र ढगाळ गेली तर गोठणेच नीट होत नाही, आणि मग सकाळचीही खात्री उरत नाही. वर आणखी, काश्मीरला मार्चमध्ये पश्चिमेकडून येणारी वादळे ताजा बर्फ टाकून जातात, तेव्हा वसंतावर पुन्हा हिवाळ्याचा थर चढतो.

एवढे सगळे पाहता, मार्चमध्ये डोंगरावर नेण्याची सर्वांत मोलाची वस्तू मनगटावरचे घड्याळ आहे असे आमचे मत आहे. दुकानदार ते विकत नाही म्हणून यादीत ते कधी येत नाही. आखलेल्या उताराबाहेर जाणाऱ्याने मार्चमध्ये साधारण बाराच्या आत उन्हाच्या बाजूचे उतार सोडलेले असावेत. उकाडा असेल तर त्याहीपूर्वी. पण गुलमर्गला नेमकी येथेच गोची होते. नुसता बर्फ पाहावयास आलेल्या प्रवाशांची गर्दी गंडोलाला असते, तीत आपली बडोद्याची मंडळी पुष्कळ, आणि त्या रांगेत उभा राहून स्कीवाला वर पोचतो तोवर अकरा वाजून गेलेले असतात. इतका खर्च केला, इतका वेळ उभे राहिलो, आता वर येऊन परत कसे फिरावे, या हिशेबाने माणूस पुढे जातो. व्यापारी गावात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा हिशेब फार सहज सुचतो. उशिराने वर पोचलेल्याने गंडोलाखालच्या देखरेखीच्या उतारावरूनच खाली यावे, बाकीचे दुसऱ्या दिवसावर टाकावे. पैसे वाया गेले असे मानू नये.

हा ‘आखलेला’ आणि ‘आखलेल्या बाहेरचा’ भेद काय तो थोडक्यात सांगावयास हवा. युरोपात यंत्राने दाबून सपाट केलेल्या, काठ्या-झेंड्यांनी सीमा दाखविलेल्या उताराला पिस्ट म्हणतात. त्याच्या बाहेरचा सारा डोंगर ऑफ-पिस्ट. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. गंडोलाचा पहिला टप्पा १९९८ साली कोंगदूरीपर्यंत झाला आणि २००५ साली दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत गेला. इतक्या उंचीवर माणसाला तासाभरात नेऊन सोडणारी सोय जगात थोड्या ठिकाणी आहे, आणि तेथून दाबलेले उतार मोजकेच, मोकळा डोंगर अफाट. म्हणून परदेशातून लोक येतात ते याच मोकळ्या डोंगरासाठी. गस्तीचे लोक गंडोलाखालच्या मुख्य खोलगट उताराची पाहणी करतात आणि तो उघडायचा की बंद ठेवायचा ते ठरवतात. त्याच्या डावी-उजवीकडे गेलात की तुमचे तुम्ही. दोर ओलांडताना कोणी अडवीत नाही, तिकीट लागत नाही, आणि दोराच्या पलीकडचा बर्फ अलीकडच्यापेक्षा अधिक सुंदर दिसतो. खाली बाबा रेशीच्या जंगलाकडे किंवा द्रुंग-तंगमर्गकडे उतरणाऱ्या वाटांचा मोह आणखी वेगळा. पण मोसमाच्या अखेरीस तेथे खालचा बर्फ सरलेला असतो, नाल्यांवरचे बर्फाचे पूल आतून पोकळ झालेले असतात, आणि वरून मात्र सारे पांढरेच दिसते.

हे भय पुस्तकी नाही. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या प्रशिक्षणावर असलेल्या तुकडीवर बर्फाची दरड कोसळली आणि सतरा जवान गेले. बर्फावर कसे वावरावे हेच शिकविणारी ही संस्था. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू गेले, बरोबरच्या एकवीस जणांना बाहेर काढता आले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक रशियन स्कीपटू गेला. ही सारी फेब्रुवारीतली, कोरड्या बर्फाची उदाहरणे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण ऋतूंच्या या सीमा आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गला उतार उघडे पडले होते आणि हिमवर्षाव फेब्रुवारीत आला. २०२५ साली खेलो इंडियाचे हिवाळी खेळ बर्फाअभावी फेब्रुवारीतून पुढे ढकलून ९ ते १२ मार्चला घ्यावे लागले. लांबलेल्या कोरड्या थंडीत जमिनीलगतचा पातळ बर्फ साखरेसारखा भुसभुशीत होतो आणि त्यावर एकदम जड थर पडला की तो थर कशालाही चिकटलेला नसतो. म्हणजे उशिरा आलेल्या हिवाळ्याचा धोका आणि वेळेवर आलेल्या वसंताचा धोका असे दोन्ही एकाच मार्चमध्ये भेटू शकतात.

आता खरेदीकडे वळू, कारण घरात चर्चा होते ती खरेदीचीच. महागडे जाकीट, रंगीत चष्मा, अमेरिकेतल्या भावाने सेलमध्ये घेतलेल्या स्की, आणि शिकविणाऱ्याच्या फीवर मात्र घासाघीस : हा क्रम आम्हांला उलटा वाटतो. युरोप-अमेरिकेत मार्च-एप्रिलमध्ये दुकाने माल उतरत्या भावात काढतात हे खरे, आणि न्यू जर्सीत कोणी नसलेले घर अलकापुरीत शोधावे लागेल. पण वर्षातून एक आठवडा जाणाऱ्याने स्की विकत घेणे म्हणजे लग्नासाठी घोडा पाळणे. उरलेले एकावन्न आठवडे त्या माळ्यावर पडतात. आपल्या श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत त्यांच्या पोलादी कडांना गंज चढतो. मेण लावून, कोरड्या कापडात बांधून ठेवण्याचे कोणाला सुचत नाही. बूट स्कीला जखडणारे जे कुलूप असते, ज्याला बाइंडिंग म्हणतात, ते फार जुन्या बनावटीचे असेल तर दुकानदार त्याला हात लावावयास तयार होत नाही. आणि बुटाच्या तळव्यांचेही प्रकार आहेत. चढून जाण्याच्या बुटाचा तळवा साध्या कुलपात नीट बसेलच असे नाही. बसल्यासारखे दिसते, हीच अडचण. तेव्हा स्की भाड्याने घ्याव्यात. शिकाऊ माणसाला हनुवटी ते नाक इतक्या उंचीच्या पुरतात.

विकत घेण्याजोगी वस्तू एकच, ती म्हणजे बूट. तीही तिसऱ्या खेपेपासून, आणि स्वतःच्या पायांनी दुकानात जाऊन. दुसऱ्याच्या पायांनी स्कीचे बूट घेता येत नाहीत. त्यांचे माप तळपायाच्या लांबीवरून सेंटिमीटरमध्ये असते. सरळ उभे राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकावा, गुडघे वाकवले की सुटावा, आणि टाच कोणत्याही स्थितीत उचलली जाऊ नये. आपल्याकडे दोन-दोन लोकरी मोजे चढविण्याची हौस फार. त्याने पाय आवळतो, रक्त पोचत नाही, आणि गार पडू नये म्हणून केलेल्या उपायानेच पाय गार पडतात. एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा मोजा पुरे.

भाड्याच्या दुकानात आणखी एक गोष्ट होते, तिचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पडल्यावर बूट स्कीपासून केव्हा सुटावा हे त्या कुलपावरच्या आकड्यावर ठरते, आणि तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि माणसाचे कसब यांवरून लावतात. दुकानदार वजन विचारतो. आमच्या भगिनी आठ किलो कमी सांगतात, आमचे तरुण कसब दुप्पट सांगतात, आणि साठीचे गृहस्थ वय सांगावयासच विसरतात. कुलूप वेळेवर सुटले नाही तर गुडघ्यातला बंध तुटतो; भलत्या वेळी सुटले तर माणूस उतारावर एका पायाने. या खेळात मोडतोड होते ती गुडघ्याची अधिक. घाईच्या दुकानात काही न विचारताच आकडा लावून देतात, तेव्हा आपणच विचारावे, आणि वजन खरे सांगावे.

बाकीचे थोडक्यात. हेल्मेट स्कीइंगचेच हवे, स्कूटरचे चालत नाही. बर्फावरून ऊन परत फिरून डोळ्यांत येते आणि उंचीबरोबर त्यातला अदृश्य जाळ वाढत जातो. मार्चच्या उन्हात उघड्या डोळ्यांनी काढलेला एक दिवस रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखा जाणवतो. गुलमर्गला पोचल्यापोचल्या दुसऱ्या दिवशी ३,९५० मीटरवर जाऊ नये, एक-दोन दिवस खाली काढावेत. डोके दुखू लागले तर औषध घेऊन वर राहण्यापेक्षा खाली यावे.

आता आखलेल्या उताराबाहेर जाणाऱ्याच्या तीन वस्तू : ४५७ किलोहर्ट्‌झवर खूण पाठविणारे आणि शोधणारे यंत्र, सळई आणि फावडे. तिन्ही प्रत्येकाजवळ हव्यात. चौघांत एक असून चालत नाही, कारण जो दबला त्याच्याच पाठीवर फावडे असण्याचा संभव असतो. यंत्र अंगाला बांधलेले, चालू, आणि मोबाइलपासून किमान वीतभर दूर. शोधताना त्याहून दूर. पूर्ण दबलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुतेक वेळा वाचतो, त्यानंतर आशा झपाट्याने मावळते. गुलमर्गची, लष्कराची, पोलिसांची मदत येते, आणि ती माणसे जिवावर उदार होऊन येतात. पण पंधरा मिनिटांत ती कशी येणार? सोडविणारे जे काही आहेत ते त्या वेळी बरोबर असलेले तीन सोबतीच. म्हणून सोबत्यांची निवड ही यंत्राच्या निवडीहून महत्त्वाची ठरते. एका वेळी एकानेच उतरावे, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी, हा साधा नियम चित्रीकरणाच्या नादात सर्वांत आधी मोडतो.

बर्फाची दरड सुटते ती बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून. आपल्या घरच्या जिन्याचा चढ साधारण तीस-पस्तीस अंशांचा असतो. म्हणजे डोळ्यांना भयंकर दिसणारा कडा नव्हे. माडीवर जाताना आपण ज्याला उतारही म्हणत नाही तेवढाच. मुलांना उतार मोजावयास शिकवायचे तर पहिला धडा येथेच, घरी बसून देता येईल. धोक्याची पायरी एक ते पाच अशा आकड्यांत सांगण्याची रीत जगभर आहे. आपल्याकडे संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था, जिचे पूर्वरूप मनालीला १९६९ साली सुरू झाले, काश्मीरसाठी असे इशारे देते. चार-पाच ऐकून लोक घरी बसतात. तीनला ‘मध्यमच तर आहे’ म्हणून बाहेर पडतात, आणि युरोपातल्या मृत्यूंचा मोठा वाटा याच तीनच्या दिवसांतला आहे.

शिकण्याची सोय नाही असे म्हणता येणार नाही. गुलमर्गला केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची पर्वतारोहण संस्था सोलंगच्या उतारावर स्कीइंगचे वर्ग घेते. असे वर्ग स्वस्त असतात, शिस्तीचे असतात, आणि खोल्या साध्या असतात. शेवटच्या कारणासाठी आपली मंडळी ते टाळतात. आणि स्थानिक वाटाड्या हा हमाल नव्हे, हेही एकदा म्हटले पाहिजे. त्याने ‘आज नको, साहेब’ म्हटले की त्याचीच मजुरी बुडते. तरी तो म्हणतो, तेव्हा त्याच्याशी वाद घालू नये. त्या दिवसाचे पैसे त्याला पुरते द्यावेत म्हणजे पुढच्या वेळीही तो खरे सांगेल.

तयारीचा अर्धा भाग तर बडोद्यातच होण्यासारखा आहे. व्यायामाच्या बाबतीत हे गाव कोणाला हार गेलेले नाही. जुम्मादादा व्यायाममंदिर येथले, प्रो. माणिकराव येथले, आणि आबासाहेब मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढला तोही येथूनच. स्कीवर माणूस दिवसभर अर्ध्या बैठकीत असतो. ज्याला शंभर बैठका दमाने मारता येत नाहीत त्याच्या मांड्या तिसऱ्या फेरीला थरथरतात, आणि अपघात होतात ते दुपारच्या अशा थकलेल्या फेऱ्यांतच, जेव्हा बर्फही थकलेला असतो. मल्लखांबावर दोन महिने काढलेला मुलगा पडावयास शिकलेला असतो. जिममध्ये आरशासमोर दंड फुगविलेला तसा शिकलेला नसतो. यात जुन्याचा अभिमान थोडा आहे, नाही असे नाही. पण मांड्यांविषयीचे म्हणणे अभिमान वगळूनही खरे ठरते.

घरातल्या वडीलमंडळींविषयी दोन शब्द. काही घरांत सरळ मनाई होते. आजी म्हणते, “हातपाय मोडून घ्यायला इतक्या लांब कशाला जायचे? येथे रेसकोर्स सर्कलला काय कमी मोडतात?” आजीच्या विनोदाला तोड नाही, पण मनाईचा परिणाम इतकाच होतो की मुले ‘फक्त गंडोलात बसणार’ असे सांगून जातात आणि दोराच्या पलीकडे जाताना घरी कोणाला ठाऊक नसते. दुसऱ्या घरांत उलट, मुलगा धाडसी निघाला याचेच कौतुक, आणि चौकशी फक्त फोटोंची. आम्हांला दोन्ही नको वाटतात. मनाई करू नये, कौतुकही आवरते घ्यावे, आणि जाणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात : डोंगरावरून किती वाजता उतरणार, बरोबर कोण आहे आणि त्यांच्यापैकी कोणी कधी दबलेले यंत्र शोधून काढले आहे काय, आणि वाटाड्याने नको म्हटले तर काय करणार. उत्तरे देताना मुलगा किंवा मुलगी अडखळली तर तेथे थांबून बोलता येते. प्रवासाच्या विम्याचा कागदही वडिलांनीच वाचावा. मुले वाचत नाहीत. बऱ्याच विम्यांत आखलेल्या उताराबाहेर, वाटाड्यावाचून, झालेल्या अपघाताची भरपाई वगळलेली असते, आणि ते कलम बारीक टायपात शेवटच्या पानावर असते.

राहिला प्रश्न सरावाचा. यंत्र घेतले, डब्यातच राहिले, आणि प्रथम उघडले ते अफरवटवर, असे होता कामा नये. आणि सरावाला बर्फच लागतो असेही नाही. सिंधरोटजवळ महीच्या पात्रात वाळू आहे. एका रविवारी सकाळी चार जणांनी जावे; एकाने चालू यंत्र डब्यात घालून हाताभर खोल पुरावे आणि जागा वाळूने सारखी करावी, दुसऱ्याने घड्याळ धरावे, उरलेल्या दोघांनी शोधावे, सळईने चाचपावे आणि फावड्याने काढावे. पहिल्या खेपेला वीस-पंचवीस मिनिटे लागली तर नवल वाटू नये. तितक्याच वेळा पुन्हा पुरावे, जागा बदलावी, वेळ लिहून ठेवावी, आणि दहा मिनिटांच्या आत डबा हाती लागू लागेपर्यंत गुलमर्गचे तिकीट काढू नये. यंत्रे महाग आहेत, चार घरांनी मिळून घ्यावीत. सोमवारी दुसऱ्या चौघांना द्यावीत.